पाणी कोणी सोडले?

आमच्या गंगथडीत गोदावरीला गोदावरी असे कोणी म्हणत नाही. ते नाव भूगोलाच्या पुस्तकात असते. एरवी ती गंगा. 'गंगेवर जाऊन येतो', 'गंगा उतरली', 'औंदा गंगेला पाणी न्हाई', अशीच आमच्याकडची भाषा. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून, अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांना लगटून ती वाहत जाते. ज्या शाळेतून मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो ती शाळा, आणि माझे राहते घरही, याच काठावरच्या एका गावात आहे.

आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे माणसे काय बोलतात याइतकेच ती कोणते क्रियापद वापरतात, याकडे माझे लक्ष जाते. माझ्या लहानपणी म्हातारी माणसे पुराच्या गोष्टी सांगत, तेव्हा 'गंगा आली' असे म्हणत. 'येणे' हे क्रियापद अकर्मक. माहेरवाशीण येते, पाऊस येतो, तशी गंगा येई. तिला कोणी आणले, असा प्रश्न कोणी विचारीत नसे. काठावर नारळ फोडावा, तिची ओटी भरावी आणि ती परत जाण्याची वाट पाहावी, एवढेच माणसाच्या हाती होते. आता तरुण माणसांच्या तोंडून 'गंगा आली' असे शब्द मला ऐकू येत नाहीत. आता म्हणतात, 'पाणी सोडले'. 'सोडणे' हे क्रियापद सकर्मक आहे. पाणी हे त्याचे कर्म. मग कोणीतरी कर्ता असलाच पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या गावात पाणी शिरले, तेव्हा जो तो त्या कर्त्याच्या शोधात होता.

भाषेतला हा बदल घडवला तो जायकवाडीच्या धरणाने. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरण पैठणला आणि नाव जायकवाडीचे, याचे माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटे. मूळ योजनेतली जागा बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळची होती. जागा बदलली, नाव तेवढे राहिले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, त्याला सत्तावीस दरवाजे आणि मागे १०२ टीएमसी, म्हणजे १०२ अब्ज घनफूट, पाणी साठवणारा नाथसागर. त्या जलाशयाखाली शंभरावर गावांची घरे किंवा शिवारे गेली. त्यांनी सोसले म्हणून आमच्या भागात डावा कालवा आला, ऊस आला, पक्की घरे आली. हे उपकार विसरून बोलणे मला जमत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. खडी फोडणाऱ्या आईबरोबर कामावर जाऊन मी सुकडी खाल्ली आहे. तो उन्हाळा ज्याने पाहिला, तो धरणाला सहजासहजी शिवी देणार नाही.

परंतु धरणाने आणखी एक गोष्ट केली, आणि तिची नोंद कोठे झालेली नाही. त्याने आम्हांला नदीचा विसर पाडला. आमच्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. पूर्वजांनी पांढरी वसवली ती पडक्या गढीच्या आसपास, टेकाडावर. त्यांना गंगेची पावले ठाऊक होती. धरण झाल्यावर पुष्कळ वर्षी पैठणच्या खाली फारसे पाणी सुटेना. पात्रात वाळू आणि वेड्या बाभळी दिसू लागल्या. नदी निजलेली पाहून गाव हळूहळू टेकाडावरून खाली उतरले. प्रथम गोठे उतरले, मग कडब्याच्या गंजी, मग पत्र्याची घरे आणि शेवटी सिमेंटची. गावामागच्या ओढ्यात नळ्या टाकून वर रस्ता झाला. ओढ्याचा काठ नांगरून कोणी आपल्या वावरात घेतला. नदीने आपली जागा सोडलेली नव्हती. तिने ती सोडली, असे आम्ही परस्पर धरून चाललो होतो.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तिने एकदा आठवण करून दिली. जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. पैठण शहरात पाणी शिरले, खाली नांदेडपर्यंत हाहाकार उडाला. आमच्याकडेही महादेवाच्या घाटाच्या बऱ्याच पायऱ्या बुडाल्या. चार-सहा वर्षे लोक सावध राहिले. मग २०१२ चा दुष्काळ आला, आणि पुराची आठवण तहानेने पुसून टाकली.

२०२५ चा सप्टेंबर उजाडला तेव्हा धरण भरलेले होते. त्यातच मराठवाड्यावर पाऊस असा कोसळला की, शेतात उभे राहून आभाळ कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते ते कळेना. सोयाबीन काढणीला आले होते, कापसाची बोंडे उमलू लागली होती. नवरात्राचे दिवस, घरोघरी घट बसले होते. २८ सप्टेंबरच्या सुमारास जायकवाडीचा विसर्ग तीन लाख क्युसेकांच्या घरात गेला.

पूर समोरून येतो, अशी सर्वांची समजूत असते. आमच्याकडे तो मागून आला. नदी तुडुंब भरली की ओढ्याचे पाणी तिच्यात उतरू शकत नाही. उलट नदीच ओढ्यात शिरते. माणसे बॅटऱ्या घेऊन गंगेकडे तोंड करून उभी होती, आणि पाणी त्यांच्या पाठीमागच्या ओढ्यातून, त्या बुजलेल्या नळ्यांवरून, घरांत घुसत होते. लोकांनी दावी कापून जनावरे मोकळी केली. कोणी पोते उचलले, कोणी शिवणयंत्र, एका सुनेने फक्त घट उचलून आणला. त्यातले कोवळे अंकुर पावसाने झोडपले जाऊ नयेत म्हणून तिने वर पदर धरला होता. शाळा जुन्या टेकाडावर असल्यामुळे पहाटेपर्यंत तिच्या सात वर्गांत चाळीस कुटुंबे आली. त्या रात्री 'धरण फुटले' अशी बातमी मोबाइलवरून फिरली. ती धादांत खोटी होती. पण तिच्या पळापळीत एका वृद्धेचा पाय मोडला. पुराने आमच्या गावात माणूस नेला नाही. ज्या एका माणसाला इजा झाली ती अफवेने झाली.

पुढचे चार दिवस शाळेच्या ओसरीवर जो वाद रंगला, तसा वाद मी कोणत्याही परिसंवादात ऐकला नाही. एकाचे म्हणणे, धरणावाल्यांनी पाणी अखेरपर्यंत दाबून ठेवले आणि मग एकदम सोडून दिले. दुसरा म्हणे, खरे दोषी नाशिक-नगरचे. आपण तहानेने मरतो तेव्हा पाणी अडवतात आणि आपण बुडू लागलो की आपल्या अंगावर लोटतात. तिसऱ्याचा रोख गोदावरीवरच्या बंधाऱ्यांवर होता. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी अशी नावे घेऊन तो विचारी की, पूर येण्याआधी यांचे दरवाजे केव्हा उचलतात ते गावाला कधी कळते काय? कोणी वाळूउपशाचा विषय काढला, तेव्हा ओसरीवरच्या दोघा-तिघांना एकाएकी चहाची आठवण झाली. एक आजीबाई म्हणाल्या, गंगामाईची ओटी भरायचे सोडले, त्याचे हे फळ. एका तरुणाने धीर करून म्हटले, "आपणच ओढा बुजवला त्याचं काय?" त्याला लगेच उत्तर मिळाले, "तुझं घर वर हाय, म्हणून तुला सुचतंय." तो गप्प बसला.

मला एका गोष्टीची मौज वाटली. एवढे आरोपी उभे राहिले. पण एक आजीबाईंचा आरोपी आणि एक त्या तरुणाचा आरोपी सोडला, तर बाकी सारे गावाच्या शिवेबाहेर राहणारे होते.

ही रीत केवळ आमच्या गावाची नव्हे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, तेव्हा लोकांचे बोट खालच्या बाजूला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे होते. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने अतिवृष्टीकडे आणि पूररेषेच्या आत झालेल्या अतिक्रमणांकडे लक्ष वेधले. अलमट्टीवरचा वाद त्यानंतरही थांबला नाही. पुण्याची गोष्ट वेगळी होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेले आणि पुण्याचे काठ धुऊन निघाले. पुढे न्यायमूर्ती वि. अ. नाईक यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. फुटलेल्या धरणाची चौकशी करता येते. बांधकाम तपासता येते, कागद मागवता येतात. आमचे धरण तर शाबूत होते. ते ज्यासाठी बांधले होते तेच करीत होते. शाबूत धरणाला दोष द्यावयाचा तो कोणत्या कलमाखाली?

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, तेव्हा मी वर्गातल्या फळ्यावर एक हिशेब मांडला. फळ्याखाली अंथरुणे पसरलेली होती. त्यांवर बसूनच मंडळींनी तो पाहिला. तीन लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला तीन लाख घनफूट. या वेगाने एक टीएमसी पाणी जाण्यास तासभरही लागत नाही. दिवसभराचे पाणी होते सुमारे सव्वीस टीएमसी. भरलेल्या धरणात जेवढे येते तेवढे पुढे सोडावेच लागते, कारण मातीचा बांध ओसंडू देणे म्हणजे दुसरे पानशेत. तेव्हा हा लोंढा एकच दिवस अडवून धरावयाचा असता, तर धरणात आधीपासून सव्वीस टीएमसी जागा रिकामी हवी होती. उपयुक्त साठ्याचा तो जवळजवळ तिसरा हिस्सा. सप्टेंबरात एवढे धरण रिकामे ठेवले आणि पुढे पाऊसच आला नाही, तर? २०२३ मध्ये तसेच झाले होते. वरच्या धरणांतून जायकवाडीत साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी सोडण्याचा आदेश निघाला, आणि तेवढ्यासाठी आंदोलने झाली, न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. जे पाणी भांडून मिळवावयाचे त्याच्या तिप्पट जागा रिकामी ठेवा, असे सांगण्यास मराठवाड्यातला कोणता पुढारी उठेल? आणि उठलाच, तर आम्ही त्याला बसू देऊ काय? जुलै उजाडला की वर्तमानपत्रात धरण किती टक्के भरले तेच आम्ही प्रथम वाचतो. नव्वद टक्के झाले की पेढे वाटतो.

हिशेब मंडळींना पटल्यासारखा दिसला. पण मागच्या भिंतीला टेकून बसलेले एक आबा बोलले. ते गंगेकाठची दोन एकर जमीन बटईने करतात. पुराने त्या जमिनीवरची माती खरवडून नेली होती. खालचा मुरूम उघडा पडला होता.

"गुरुजी, तुमचं गणित बराबर असंल," ते म्हणाले. "पण धरण भरलं म्हणून पेढे वाटले, त्या सालात बी कालव्याचं पाणी माझ्या वावरापोतर आलं न्हाई. आन् सुटलं त्या दिशी पयलं माझ्याच वावरात आलं."

यावर कोणी काही बोलले नाही. गणित बरोबर होते आणि आबांचे म्हणणेही बरोबर होते. धरण सर्वांचे, हे खरे. पण ते भरते तेव्हाचा लाभ ज्यांच्या पदरात पडतो आणि ते सुटते तेव्हाचा भार ज्यांच्या अंगावर येतो, ती माणसे एकच नसतात. 'दोष आपणा सर्वांचा' असे म्हणणे सोपे आहे, आणि ज्याचे घर टेकाडावर आहे त्याला ते अधिकच सोपे आहे. ऑक्टोबरात सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. खरवडून गेलेल्या जमिनीसाठी तीत वेगळी तरतूद होती. पण अशी मदत सातबाऱ्यावरच्या नावाने येते, आणि बटईदाराचे नाव सातबाऱ्यावर नसते. आबांच्या मालकाने त्यांना काही द्यावे म्हणून आम्ही चार माणसे जाऊन बोललो. तो माणूस वाईट नाही. पण माती परत आणणे त्याच्याही हाती नाही. काळ्या मातीचा वीतभर थर तयार होण्यास किती पिढ्या लागतात, हे मी शाळेत शिकवत आलो. तो थर एका रात्रीत गेलेला मात्र प्रथमच पाहिला.

आबांनी त्याच बैठकीत दुसरी एक गोष्ट सांगितली. माझ्या मते चार दिवसांच्या वादात कामाची अशी तीच होती. ते म्हणाले, "पाणी येणार म्हणून सांगितलं; पण कुठवर येणार ते कुणीच न्हाई सांगितलं."

निरोप आला होता, यात वाद नव्हता. विसर्ग इतक्या लाख क्युसेकांपर्यंत वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे, असा तो निरोप. मोबाइलवर आला, कोतवालाने दवंडीसारखा ओरडून सांगितला. पण क्युसेक म्हणजे काय? सेकंदाला एक घनफूट. सुमारे अठ्ठावीस लिटर. हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही त्या संध्याकाळी 'तीन लाख' हा आकडा ऐकून आपल्या दाराशी पाणी लागेल की नाही, हे मला सांगता आले नसते. मग आबांनी कसे ओळखावे? 'कळणे' आणि 'कळवणे' या दोन क्रियापदांतला भेद मी वर्षानुवर्षे मुलांना समजावून दिला. कळवण्यासाठी एक माणूस पुरतो. कळण्यासाठी दुसऱ्याची समज लागते. निरोप देणारे शपथेवर म्हणू शकतील की, आम्ही कळवले. आमचे गावकरीही तितक्याच खरेपणाने म्हणतील की, आम्हांला कळले नाही. पाणी कोणी सोडले, याचे उत्तर मिळाल्याने पुढच्या पुरात एकही गोठा वाचणार नाही. किती पाण्याला कोणता गोठा बुडतो, हे आधी कळले तर पुष्कळ वाचतील.

दिवाळीनंतर शाळा नीट सुरू झाली. तेव्हा नव्या मुख्याध्यापकांच्या संमतीने मी सातवीच्या मुलांना एक काम दिले. महादेवाच्या घाटाला बत्तीस पायऱ्या आहेत. कोणत्या दिवशी पाणी कोणत्या पायरीला लागले होते, हे घरोघर विचारून त्यांनी वहीत उतरवले, आणि त्या-त्या दिवसाच्या विसर्गाचा आकडा जुन्या वर्तमानपत्रांतून समोर लिहिला. हे शास्त्र पक्के नव्हे, हे मी त्यांना सांगितले. ओढ्यांना पाऊस किती झाला, बंधाऱ्यांचे दरवाजे उघडे होते की बंद, यावर एखाद-दुसरी पायरी वरखाली होणारच. म्हणून प्रत्येक खुणेपुढे 'अंदाजे' हा शब्द लिहावयाचा, असे ठरले. तो शब्द दगडावर रंगवताना मुले कंटाळली. पण त्यांनी तो गाळला नाही. सरपंचांनी तेलरंगाचा डबा दिला. आता घाटावर एक लाख, दोन लाख, अडीच लाख अशा तांबड्या रेघा आहेत, आणि प्रत्येक रेघेशेजारी त्या पाण्यात गावातली कोणती गल्ली बुडते ते लिहिले आहे. २००६ च्या रेघेवरून दोन वृद्धांत एका पायरीचे भांडण लागले. दोघेही आपापल्या आठवणीवर ठाम होते. तूर्त तेथे दोन रेघा आहेत.

ग्रामसभेत ओढ्याच्या मोजणीचा ठरावही झाला. ज्यांची वावरे मोजली जावयाची त्यांपैकीच एकाने तो मांडला, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मोजणीचा अर्ज गेला आहे. अर्ज जातात तेवढ्या लवकर ओढे मोकळे होत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

रंगाचे काम संपत आले होते तेव्हा आबा घाटावर आले. सगळ्या रेघा त्यांनी खालपासून वरपर्यंत वाचून घेतल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून एका मुलीने वाचून दाखवल्या. मग ते म्हणाले, "ह्या पायऱ्या देवाच्या झाल्या. माझ्या बांधावर बाभळ हाय, तिच्यावर बी एक पट्टा वढा." डब्यात थोडा रंग उरला होता. मुले त्यांच्याबरोबर वावरात गेली. बाभळीच्या फांदीत पुराने आणलेला कडबा अजून अडकून होता. आबांनी हात वर करूनही तो हाताला लागत नव्हता. त्यांनी एका मुलाला खांद्यावर घेतले आणि कडबा जेथे होता तेथेच पट्टा ओढवून घेतला.